बोटाला टाके पडल्यानंतर : घरी काय करावे, काय टाळावे

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत बोटाच्या जखमांविषयीची पत्रे बरीच होती. त्यांतली चार निवडून एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी सुरी निसटून माझ्या डाव्या तर्जनीवर, मधल्या सांध्याच्या वरच्या बाजूला खोल कापले गेले. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जखम धुऊन पाच टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि ‘जखम कोरडी ठेवा, दहा-बारा दिवसांनी टाके काढायला या’ एवढे सांगून घरी पाठवले. घरात मात्र प्रत्येकाचे म्हणणे वेगळे आहे. कोणी म्हणते, पट्टी काढून जखमेला वारा लागू द्या. कोणी म्हणते, रोज स्पिरिटने पुसा. धाकटा भाऊ दिवसातून दोनदा ड्रेसिंग बदलायला सांगतो. पहिल्या दोन रात्री बोट इतके ठणकत होते की झोप लागली नाही. आता ठणका बराच कमी आहे, पण काल पट्टी उघडली तेव्हा टाक्यांच्या कडेला लालसर रेघ आणि पिवळट चिकट थर दिसला. हा पू तर नाही ना? आणि घरी नेमके काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून गेला आहात, ती म्हणजे ठणका कमी झाला आहे. घरी जखमेवर नजर ठेवताना ती आज कशी दिसते यापेक्षा कालच्या मानाने कशी आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. पहिले दोन-तीन दिवस सूज, लाली, ऊब आणि ठणका ही सगळी लक्षणे जंतुसंसर्ग नसतानाही असतात, कारण दुखावलेल्या जागी रक्तपुरवठा वाढवून शरीराने साफसफाई सुरू केलेली असते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती ओसरू लागली म्हणजे काम नीट चालले आहे असे समजावे. याउलट दोन दिवस बरे वाटून नंतर दुखणे पुन्हा चढू लागले, तर जखम वरून कितीही स्वच्छ दिसो, ती डॉक्टरांना दाखवावी.

टाक्यांच्या कडेपुरती बारीक लालसर रेघ या दिवसांत बहुतेकांना दिसते. पिवळट चिकट थर म्हणजे बहुधा जखमेतून पाझरलेला, वाळत चाललेला द्रव असतो. तो पातळ, काहीसा पारदर्शक असतो आणि वाळला की मधासारखा दिसतो. पू त्याहून दाट आणि गढूळ असतो, त्याला अनेकदा वास येतो, आणि त्याच्या जोडीला दुखणे व सूज वाढत असते. खात्री करून घेण्यासाठी जखम दाबून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, तो कृपया आवरावा. दाबल्याने नुकत्याच जुळलेल्या कडा उकलतात.

रात्रीच्या ठणक्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यावर औषधापेक्षाही हात उंच ठेवण्याचा उपाय अधिक लागू पडतो आणि तो नीट समजावून सांगितला जात नाही. टाके घालताना बोट बधिर करण्यासाठी दिलेल्या औषधाचा परिणाम काही तासांत उतरतो आणि त्याच सुमारास सूजही वाढत असते. बोटाच्या त्वचेखाली सूज पसरायला फारशी जागा नसल्यामुळे थोड्या सुजेनेही ताण बसतो आणि प्रत्येक ठोक्याबरोबर बोट ठसठसते. हात हृदयाच्या पातळीच्या वर ठेवला, तर हा ताण काही मिनिटांत कमी झालेला जाणवतो. पहिले दोन दिवस बसताना कोपर टेकवून हात उभा धरावा आणि झोपताना हाताखाली दोन उशा घ्याव्यात. गळ्यात झोळी बांधून हात पोटाशी लटकत ठेवणाऱ्यांना आपण हात उंच ठेवला आहे असे वाटते, प्रत्यक्षात तो हृदयाच्या खालीच असतो. झोळी वापरायचीच असेल तर पंजा विरुद्ध खांद्याजवळ येईल इतकी आखूड बांधावी. वेदनाशामक म्हणून प्रौढ व्यक्तीला पॅरासिटामॉल सहसा पुरते. एका वेळी 500 ते 1000 मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या वर कधीही नाही. यकृताचा विकार, कमी वजन किंवा नियमित मद्यपान असेल, तर मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

आता वाऱ्याविषयी. जखम उघडी ठेवली की लवकर वाळते हे खरे, पण वाळणे आणि भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1962 मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमांवर प्रयोग करून दाखवले की, पातळ आवरणाखाली ओलसर राहिलेल्या जखमांवर उघड्या जखमांच्या तुलनेत सुमारे दुप्पट वेगाने नवी त्वचा येते. कडेच्या पेशींना सरकत मध्यापर्यंत जायचे असते; वर जाड खपली धरली तर त्यांना तिच्याखालून वाट काढत जावे लागते. आता डॉक्टरांनी तर ‘कोरडी ठेवा’ म्हणून सांगितले, मग हे कसे, असे तुम्ही विचाराल. त्यांचा रोख बाहेरच्या पाण्यावर आहे : पहिले एक-दोन दिवस पाणी लागू देऊ नये, त्यानंतरही बोट पाण्यात बुडवून ठेवू नये आणि पट्टी भिजली तर लगेच बदलावी. पट्टीखालचा जखमेचा स्वतःचा हलका ओलावा त्यात येत नाही. तो जास्त झाला, तर कडेची त्वचा पांढरीफट आणि सुरकुतलेली दिसते. मग अधिक शोषणारे गॉज वापरावे आणि पट्टी थोडी लवकर बदलावी.

स्पिरिट नको. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, आयोडीनचे द्रावणही रोज ओतू नये. जंतू मारणारी ही द्रव्ये नव्याने वाढणाऱ्या पेशींनाही सोडत नाहीत, आणि जखमेची खोलवर स्वच्छता तातडीच्या विभागात झालेलीच आहे. कोणतीही पूड किंवा टूथपेस्टही जखमेत भरू नये. ती आत घट्ट बसते आणि पुढच्या वेळी ती खरवडून काढण्यातच जखम पुन्हा दुखावते. प्रतिजैविक मलमाचाही आग्रह धरण्याचे कारण नाही. स्वच्छ, टाके घातलेल्या जखमेवर साधी पेट्रोलियम जेली तितकीच उपयोगी पडते, आणि निओमायसिन असलेल्या मलमांनी काहींच्या त्वचेवर खाज व पुरळ उठते, जे नंतर जंतुसंसर्ग समजले जाते.

दिवसातून दोनदा ड्रेसिंग बदलण्याची गरज नाही. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर दिवसातून एकदा, किंवा पट्टी स्वच्छ व कोरडी असेल तर एक दिवसाआड, एवढे पुरे. आधी दोन्ही हात साबणाने धुवावेत. गॉज चिकटले असेल तर ओढू नये. पिण्यायोग्य कोमट पाण्याने ते पाच-दहा मिनिटे ओले ठेवावे आणि मग जखमेच्या लांबीच्या दिशेने हळूहळू सोडवावे. आडवे ओढले तर कडा एकमेकींपासून दूर ताणल्या जातात. त्यानंतर नळाच्या हलक्या धारेखाली, साध्या साबणाच्या फेसाने, न चोळता धुवावे. जखम धुण्यासाठी पिण्यायोग्य पाणी सलाइनइतकेच चालते. स्वच्छ कापडाने टिपून घ्यावे, जेलीचा पातळ थर लावावा, वर न चिकटणारे गॉज ठेवून हलकी पट्टी बांधावी. कापूस थेट जखमेवर ठेवू नये, त्याचे तंतू टाक्यांत अडकतात.

पट्टी बांधताना सुरुवात टोकाकडून करून तळव्याकडे यावे, वेढे तिरके घ्यावेत आणि बोटाचे टोक शक्यतो उघडे ठेवावे, म्हणजे त्याचा रंग दिसत राहतो. चिकटपट्टीचा पूर्ण, घट्ट वेढा बोटाभोवती कधीही घेऊ नये. बांधताना तो सैल वाटतो, पण रात्री सूज वाढली की फासासारखा आवळतो. बांधून झाल्यावर नख दाबून सोडावे. पांढरे पडलेले नख सुमारे दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. टोक निळसर, फिकट किंवा गार पडले, मुंग्या येऊ लागल्या, तर पट्टी तत्काळ सैल करावी, आणि तरीही फरक पडला नाही तर रुग्णालय गाठावे. त्या हातातली अंगठी अजून काढली नसेल, तर आधी काढा.

पट्टीवर रक्त आले तर घाबरू नये. हात उंच धरून स्वच्छ कापडाने सलग दहा ते पंधरा मिनिटे दाबून ठेवावे, आणि मध्ये उचलून ‘थांबले का’ हे पाहू नये. दर वेळी उचलताना बसलेली गुठळी निघते. एवढ्यानेही थांबले नाही, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर परत दाखवावे.

कोणत्या खुणा दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे. लाली कडेपलीकडे पसरत जाणे, पंज्यावरून मनगटाकडे लाल रेघ चढणे, दाट पू, ताप, थंडी वाजणे, काखेत गाठ येणे, टाके तुटून कडा उघडणे या त्या खुणा. यांखेरीज बोटाची म्हणून एक खास धोक्याची स्थिती आहे. बोट वाकवणाऱ्या कंडरेभोवती, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याभोवती, एक बंद नळी असते. तिच्यात जंतू शिरले तर पू आतल्या आत दाबला जातो आणि कंडरा थोड्याच काळात खराब होऊ शकते. ॲलन कनावेल या अमेरिकन शल्यविशारदाने तिची लक्षणे सांगितली, ती आजही त्याच्याच नावाने शिकवली जातात : संपूर्ण बोट एकसारखे सुजणे, ते आपोआप किंचित वाकलेल्या स्थितीत राहणे, तळव्याच्या बाजूने बोटभर हात लावू न देणारी वेदना, आणि दुसऱ्याने बोट सरळ करायला जाताच कळ उठणे. यांपैकी दोन लक्षणे जरी एकत्र दिसली, तरी सकाळची वाट न पाहता निघावे. जखम चावल्याने झाली असेल, मग तो प्राण्याचा चावा असो की माणसाचा, किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर याबाबत अधिकच दक्ष राहावे. प्राण्याच्या चाव्यात रेबीजप्रतिबंधक लसीचे वेळापत्रक जखम भरली तरी पूर्ण करावेच लागते.

टाके दहा-बारा दिवसांनी काढायला सांगितले ते योग्यच आहे. चेहऱ्यावरचे टाके पाचेक दिवसांत काढतात, पण सांध्यावरची त्वचा प्रत्येक हालचालीबरोबर ताणली जाते. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असेही समजू नये. तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकीच असते आणि कित्येक महिन्यांनीही ती साधारण 80 टक्क्यांच्या पुढे जात नाही. म्हणून टाके काढल्यानंतरचे दोन-तीन आठवडे जड वस्तू उचलणे आणि झाकणे जोर लावून पिळणे टाळावे. धूम्रपान करत असाल, तर निदान या काळात बंद ठेवा, कारण निकोटिनने आकुंचन पावणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवरच बोटाच्या टोकाची सगळी भिस्त असते.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीचे बोट दारात चेंगरले. नख निघाले आणि टोकाची थोडी त्वचा मांसासकट गेली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, जखम धुतली, नखाखालची फाटलेली त्वचा शिवली, पण टोकाला टाके न घालता नुसते ड्रेसिंग केले आणि ‘आपोआप भरेल’ म्हणाले. पट्टीखाली मांस उघडे आहे या कल्पनेनेच आम्हाला झोप येत नाही. हे असेच सोडून देणे बरोबर आहे का?

उत्तर : तुमची काळजी मी समजू शकतो, पण डॉक्टरांनी जखम सोडून दिलेली नाही, पूर्ण विचारांती निवडलेली ही उपचारपद्धती आहे. बोटाच्या टोकाची गेलेली त्वचा सुमारे एक चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल आणि हाड उघडे पडलेले नसेल, तर दुसरीकडची त्वचा आणून लावण्यापेक्षा टोक आपले आपण भरू देणे अनेकदा चांगले ठरते. अशा वेळी कडेची त्वचा मध्याकडे ओढली जाते, त्यामुळे भरलेल्या टोकावर बहुतांश मूळचीच, स्पर्श जाणणारी त्वचा येते. लहान मुलांत तर हे फारच चांगले होते. यासाठी साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, आणि त्यातला पहिला आठवडा आईवडिलांनाच अधिक जड जातो.

ड्रेसिंग बदलताना लालभडक, दाणेदार, ओलसर पृष्ठभाग दिसेल आणि तो जरा धक्का लागताच रक्ताळेल. ती नव्या ऊतींची निरोगी खूण आहे. काही डॉक्टर हवा जाऊ देणारे पातळ, पारदर्शक आवरण लावून ते आठवडाभर तसेच ठेवायला सांगतात. त्याखाली तपकिरी पिवळा द्रव साठतो आणि त्याला चांगलीच दुर्गंधी येते. वास हे एरवी संसर्गाचे लक्षण मी वर सांगितले, पण या आवरणाखाली तो अपेक्षित असतो. मुलीला ताप नसेल, दुखणे वाढत नसेल आणि लाली वर चढत नसेल, तर केवळ वासामुळे आवरण उकलू नये. लालसर मांस आजूबाजूच्या त्वचेच्या वर गोळ्यासारखे उगवू लागले, तर मात्र दाखवून घ्यावे, डॉक्टर त्यावर सोपा उपाय करू शकतात.

निघालेले नखच आच्छादन म्हणून परत बसवून टाक्याने अडकवले असेल, तर ते काळे पडेल आणि सैल होईल. ते ओढू नये. खालून येणारे नवे नख त्याला ढकलून काढते. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे पूर्ण नख यायला चार ते सहा महिने लागतात, आणि पहिले नख किंचित वेडेवाकडे किंवा खाचा असलेले आले तर लगेच निराश होऊ नये.

मुलीला वेदनाशामक द्यायचे तर पॅरासिटामॉल वजनानुसार, दर किलोला एका वेळी 15 मिलिग्रॅमपर्यंत, किमान चार ते सहा तासांच्या अंतराने आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा द्यावे. ॲस्पिरिन लहान मुलांना देऊ नये. ड्रेसिंग बदलण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी ही मात्रा दिली, की रडारड बरीच कमी होते. पट्टी ओढून काढण्याची सवय असलेल्या मुलांना वरून स्वच्छ सुती मोजा घालून तो मनगटापाशी सैलसर चिकटवावा.

प्रश्न : माझ्या बोटाची लहान जखम टाके न घालता वैद्यकीय गोंदाने चिकटवली आहे. त्यावर मलम लावून पट्टी बांधली तर चालेल का?

उत्तर : मलम लावू नये. जेली असो वा तेलकट मलम, त्याने गोंद मऊ पडतो आणि कडा वेळेआधी सुटतात. गोंदाचा थर हेच आवरण आहे. तो पाच ते दहा दिवसांत आपोआप सोलून निघतो, तोवर खरवडू नये, त्यावर थेट चिकटपट्टी लावू नये आणि बोट भिजत ठेवू नये; पाणी उडाले तर टिपून घ्यावे, एवढेच.

प्रश्न : पाच आठवड्यांपूर्वी काच लागून माझ्या मधल्या बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला टाके पडले होते. जखम छान भरली, टाकेही निघाले. पण बोट पूर्ण मिटत नाही, टोकाची एक बाजू बधिर आहे आणि थंड पाण्यात हात घातला की विचित्र कळ येते. हे कालांतराने जाईल का?

उत्तर : यातले काही जाईल, पण एक शक्यता आधी तपासली पाहिजे आणि त्यासाठी पुढच्या नेहमीच्या भेटीपर्यंत थांबू नये. दुसऱ्या हाताने त्या बोटाचा मधला सांधा सरळ धरून ठेवा आणि फक्त शेवटचे पेर वाकवून पाहा. ते स्वतःहून मुळीच वाकत नसेल, मात्र दुसऱ्या हाताने वाकवले की सहज वाकत असेल, तर खोलवरची कंडरा तुटलेली असण्याचा संशय घ्यावा लागतो. काचेच्या जखमा वरून लहान आणि आत खोल असतात, त्यामुळे त्यांत हे निसटून जाते. अशी कंडरा पहिल्या एक-दोन आठवड्यांत जोडणे सर्वांत सोपे असते. नंतर तिचे टोक तळव्याकडे आखडत जाते. पाच आठवडे होऊन गेल्यामुळे हाताच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा. आत काच राहिली असेल तर तीही एक्स-रेमध्ये बहुधा दिसते.

पेर थोडेफार वाकते, पण दुसऱ्या हाताने दाबूनही पूर्ण मिटत नाही असे असेल, तर तो सांध्याचा आणि व्रणाचा ताठरपणा आहे. दुखेल या भीतीने बोट आठवडेच्या आठवडे सरळ धरून ठेवणाऱ्यांत हा नेहमी दिसतो. हात कोमट पाण्यात पाच मिनिटे धरून, प्रत्येक सांधा वेगवेगळा आणि मग सगळे मिळून, सावकाश मिटणे व उघडणे, असे दहा-दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा करावे. ताण जाणवला तर चालेल, व्यायामानंतर तासाभराने सूज वाढलेली दिसली तर जोर जास्त झाला असे समजावे. व्रणावर जेली लावून बोटाच्या पेराने गोल दाबून मालीश करावे. त्याने खालच्या थरांना चिकटलेली त्वचा सुटते. व्रण लालसर आहे तोवर त्यावर ऊन लागू देऊ नये, नाहीतर तो काळपट राहतो.

बधिरपणा जखम झाल्या दिवसापासून एकाच बाजूला असेल, तर त्या बाजूचा मज्जातंतू दुखावला किंवा तुटला आहे. बोटाच्या टोकाचा स्पर्श मुख्यतः तळव्याकडच्या दोन तंतूंवर, दोन बाजूंना एकेक, अवलंबून असतो. कंडरेसाठी दाखवायला जाल तेव्हा हेही आवर्जून सांगा. नुसता दुखावलेला किंवा जोडलेला तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, आणि व्रणावर टिचकी मारल्यावर येणाऱ्या मुंग्या दर काही आठवड्यांनी टोकाकडे सरकत असतील, तर वाढ चालू आहे असे मानतात. थंडीची कळ ही अशा जखमांनंतरची फार सामान्य तक्रार आहे. ती महिनोन्महिने टिकू शकते आणि हातमोजा घातल्याने सुसह्य होते. हुळहुळेपणा असेल तर आधी मऊ कापूस, मग सुती कापड, मग टॉवेल असे क्रमाने दिवसातून काही वेळा त्या जागी फिरवावे. आणि टोकाची ती बाजू बधिर आहे तोवर गरम भांड्याचा अंदाज त्या बोटाने घेऊ नये, कारण चटका लागल्याचे फोड येईपर्यंत कळत नाही.